नवी गाडी आधी बोरीला

जिंतूर तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. रेल्वे पकडायची तर परभणी नाहीतर सेलू गाठावे लागते, आणि तिथवर जायला रस्ताच आहे. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीसारख्या गावात म्हणूनच एसटी ही सोय नसून गरज आहे. शाळा-कॉलेजची मुले, तहसिलीत आणि कोर्टात काम असलेली माणसे, परभणीच्या दवाखान्यात निघालेले पेशंट, सगळ्यांचा दिवस गाडीच्या वेळेवर बेतलेला असतो. अशा रस्त्यावर कोणती गाडी धावावी, याचा निर्णय मात्र आपल्याकडे उलट्या बाजूने होत आला आहे. एसटी महामंडळात नवी गाडी आली की ती साधारणपणे लांब पल्ल्याला लागते. तिथे चार-सहा वर्षे धावून ती थकली की तालुक्याच्या फेऱ्यांवर येते, आणि तिथूनच तिचे निर्लेखन होते. ही उतरंड इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे यंत्रशास्त्राचा काही आधार असेल असे आपण धरून चालतो. तो आधार अगदी तोकडा आहे. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांच्याकडे पाहिले तर सर्वांत सुस्थितीतील गाडीची खरी गरज बोरीच्या फेरीला आहे.

डिझेल इंजिनाची मूळ अडचण अशी की ते शून्यातून ओढू शकत नाही. उभ्या गाडीतही ते मिनिटाला पाच-सहाशे फेरे घेत असते, चाके मात्र स्थिर असतात. या दोघांची गाठ घालून द्यायचे काम क्लच प्लेटचे. वाहकाने डबल बेल दिली की चालक क्लच हळूहळू सोडतो आणि त्या दोन-तीन सेकंदांत भरल्या गाडीचे दहा-बारा टनांहून अधिक वजन त्या घासणाऱ्या प्लेटवर येते. मग पहिला, दुसरा, तिसरा, चौथा गिअर. थोडे अंतर गेले की पुढचा फाटा, पुन्हा ब्रेक, पुन्हा पहिला. समजा एका फेरीत वीस थांबे आहेत आणि दिवसाला आठ फेऱ्या आहेत. म्हणजे एकशे साठ वेळा गाडी शून्यातून उठते, आणि गिअर त्याच्या चौपट वेळा तरी पडतात. याच दिवशी पुण्याकडे निघालेली गाडी ठरावीक बसस्थानकेच घेते आणि बाकी सारा वेळ वरच्या गिअरमध्ये संथ लयीत धावते. किलोमीटर तिचे जास्त भरतात, पण क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक लायनर यांची झीज मोजायची तर किलोमीटरपेक्षा थांबे मोजले पाहिजेत. त्यात काळ्या मातीचा प्रदेश. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. त्याचा मार स्प्रिंगच्या पाट्यांना आणि बॉडीच्या सांध्यांना बसतो. ज्या गाडीचे हे सगळे भाग आधीच झिजले आहेत, तीच आपण या कामाला जुंपतो.

तरीही जुन्या गाड्यांनी हे काम अनेक वर्षे निभावले, आणि त्याचे श्रेय गाडीइतकेच आगाराला आहे. मराठवाड्यात सार्वजनिक मोटारसेवा आली ती निजामाच्या रेल्वे खात्यामार्फत, १९३२ साली, २७ गाड्यांनिशी. मुंबई राज्याची एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर सुरू झाली, आणि राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्याची सेवाही त्याच महामंडळात आली. पुढे घडलेली एसटी म्हणजे टाटा नाहीतर अशोक लेलँडची चासी आणि त्यावर दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या कार्यशाळेत चढवलेली ॲल्युमिनियमची बॉडी. इंजिन सहा सिलिंडरचे, पंप पूर्णपणे यांत्रिक. बिघाड झाला तर तो कानाने आणि हाताने शोधता येई. इंजिन, गिअरबॉक्स, पंप हे अख्खे भाग काढून त्या जागी दुरुस्त केलेले भाग बसवायचे, आणि काढलेले भाग विभागीय कार्यशाळेत पाठवायचे, ही पद्धत होती. टायरवर नवे रबर चढवायचे कारखानेही महामंडळाचे स्वतःचे. गाडी एक, पण तिच्या आत इंजिन तिसरे आणि गिअरबॉक्स चौथा, असे सहज असे. त्यामुळे गाडीचे वय हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. नोंदणीपुस्तकातले वय एक आणि यंत्राचे वय दुसरे.

म्हणून जुन्या गाड्या ठेवाव्यात असे मात्र मुळीच नाही. केंद्र सरकारने १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी व परिवहन महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी बंद केली, ते योग्यच झाले. गिअरबॉक्स बदलता येतो. चासीला धरलेला थकवा आणि बॉडीच्या सांगाड्यातला गंज बदलता येत नाही. गाडी उलटली तर छत किती दबते यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, आणि त्यासाठीच महामंडळ ॲल्युमिनियमकडून पोलादी बॉडीकडे वळले. जुन्या इंजिनाचा काळा धूर बसस्थानकात उभ्या असलेल्या लहान मुलांच्या छातीत जातो, हेही विसरता येत नाही. गाड्या बाद व्हायलाच हव्यात. त्यांच्या जागी येणारी गाडी कुठे लावायची, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

इथे नव्या डिझेल गाडीची गोष्ट जुन्यापेक्षा वेगळी होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी आली आणि युरियाच्या द्रावणाची टाकी आली. गाळणीत साठलेली काजळी जाळून टाकायला धूर बराच वेळ भरपूर तापलेला असावा लागतो. सलग वेगाने धावणाऱ्या गाडीत ते आपोआप घडते. दर दोन-तीन किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीत धूर पुरेसा तापत नाही, गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी आगारात उभी राहते. म्हणजे बीएस-६ डिझेल हे मुळात लांब पल्ल्याचे यंत्र आहे. ते थकल्यावर जिंतूर आगारासारख्या ठिकाणी फेऱ्यांसाठी पाठवणे म्हणजे त्याला सर्वांत न मानवणारे काम सर्वांत नाजूक वयात देणे. हा बिघाड कानाने ऐकून कळत नाही. त्याला संगणक लावावा लागतो आणि तो वाचणारा माणूस लागतो.

विजेच्या गाडीचे नेमके याउलट आहे. मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर लावते, त्यामुळे क्लचच नको आणि पायऱ्यापायऱ्यांचा गिअरबॉक्सही नको. थांबताना मोटरच जनित्र बनते, गाडीच्या वेगातली ऊर्जा काही प्रमाणात बॅटरीत परत जाते आणि ब्रेक लायनर वाचतात. थांबे जितके जास्त, तितका हा फायदा मोठा. ज्या गोष्टीने डिझेल गाडी झिजते, त्याच गोष्टीत विजेची गाडी सरस ठरते. एसटीची विजेवरची पहिली गाडी, शिवाई, मात्र १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. पहिल्या एसटीचा मार्ग आणि तीच तारीख, त्यामुळे मुहूर्ताच्या दृष्टीने ते शोभून दिसले. पण यंत्राच्या दृष्टीने अशा गाडीची जागा परभणी-झरी-बोरी-जिंतूर अशा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या फेरीत आहे, जिथे दोन्ही टोकांना आगार आहे. महामंडळाने ५,१५० विजेच्या गाड्या भाडेकराराने घेण्याचे ठरवले, त्यांत नऊ मीटरच्या आखूड गाड्याही आहेत. गावातल्या अरुंद वळणाला त्याच बऱ्या.

यावर पहिला आक्षेप असा की लांबच्या वाटेवर गाडी बंद पडली तर प्रवाशांचे हाल मोठे, शिवाय तिथे खासगी ट्रॅव्हल्सशी स्पर्धा आहे, म्हणून चांगली गाडी तिकडेच हवी. यात तथ्य आहे. जवळच्या फेरीला पंधरा-वीस किलोमीटरवरून दुसरी गाडी पाठवता येते, हेही खरे. पण नवी डिझेल लांब पल्ल्याला आणि नवी विजेची गाडी फेरीला, अशी वाटणी केली तर दोघांचे भागते. भांडण केवळ थकलेली गाडी खाली ढकलण्याच्या सवयीशी आहे. स्पर्धा तर इकडेही आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले. त्या आधारावर बाई घराबाहेर पडते आणि गाडीच आली नाही तर तिला काळी-पिवळीत पूर्ण पैसे मोजून दाटीवाटीने बसावे लागते. बारावीपर्यंतच्या मुलीचा मोफत पासही न आलेल्या गाडीत चालत नाही.

दुसरा आक्षेप विजेचा, आणि तो जड आहे. गावठाणाच्या वाहिनीवर वीज जाते-येते. तिच्या भरवशावर गाडी चार्ज करता येणार नाही. त्यासाठी आगाराला वेगळी उच्चदाब वाहिनी हवी, आणि ती गाडीच्या आधी यायला हवी. परभणीच्या वैशाखात बॅटरी थंड ठेवायलाच काही वीज खर्च होते, तेव्हा फेऱ्या आखताना कागदावरचा पल्ला धरून चालणार नाही. भाडेकराराच्या गाडीची दुरुस्ती कंपनीकडे असते. आगारातल्या मेकॅनिकला तिच्यापासून दूर ठेवले तर सत्तर वर्षांत साठलेली कारागिरी एका पिढीत संपेल. करारातच त्यांचे प्रशिक्षण आणि सहभाग लिहून घ्यायला हवा. कार्यशाळा निकामी करून मिळालेली नवी गाडी महागातच पडते.

एका ठिकाणी मात्र विजेची गाडी आज हरते, आणि ते मान्य केले पाहिजे. मुक्कामी गाडी संध्याकाळी शेवटच्या गावी जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे पहिली फेरी सुटते. पारावर किंवा शाळेपुढे उभ्या असलेल्या त्या गाडीला रात्रभर चार्जर कोण लावणार? त्या मुक्कामांसाठी आगाराने अजून काही वर्षे डिझेल गाड्या राखून ठेवाव्यात: नोंदणीच्या मुदतीतल्या, सांगाडा तपासलेल्या, क्लच आणि लायनर नुकतेच बदललेल्या. दिवसभर थांब्याथांब्याला झिजवून संध्याकाळी तीच गाडी मुक्कामाला पाठवू नये. दिवसाच्या फेऱ्या विजेच्या गाडीने केल्या, तर ही गाडी पहाटे एका सेल्फमध्ये सुरू होईल.