बोईंगमधील कामगार संघटना
बोईंग या अमेरिकन विमाननिर्मिती कंपनीतील कामगारांचे प्रतिनिधित्व प्रामुख्याने दोन संघटना करतात. विमानांची जुळणी करणारे कारागीर इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ मशिनिस्ट्स अँड एरोस्पेस वर्कर्स (आयएएम) या संघटनेच्या जिल्हा शाखा क्र. ७५१ मध्ये, तर अभियंते व तंत्रज्ञ सोसायटी ऑफ प्रोफेशनल इंजिनियरिंग एम्प्लॉईज इन एरोस्पेस (एसपीईईए) या संघटनेत एकत्र आले आहेत. दोन्ही संघटनांचे बळ मुख्यतः वॉशिंग्टन राज्यातील सिअ‍ॅटलच्या परिसरात आहे. वेतन व निवृत्तिवेतन यांबरोबरच विमान कोठे, कोणाकडून व किती तपासणीनंतर बांधले जावे, हाही या संघटनांच्या वाटाघाटींचा विषय राहिला आहे.

इतिहास

आयएएमची स्थापना १८८८ मध्ये अटलांटा येथे रेल्वे कारखान्यांतील यंत्रकारागिरांनी केली. बोईंगमधील शाखा १९३५ मध्ये सुरू झाली. संघटनेचा आरंभीचा इतिहास निर्मळ नाही. अनेक वर्षे तिचे सदस्यत्व गोऱ्या कामगारांपुरते मर्यादित होते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भरती झालेल्या कृष्णवर्णीय कामगारांना पूर्ण सदस्यत्व नाकारले गेले. वर्णभेदाचा हा नियम १९४८ मध्ये रद्द झाला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सेवाज्येष्ठता व वेतन या प्रश्नांवर संप पुकारण्यात आला. तो सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच महिने चालला. हा संप कायद्यानुसार नसल्याचा निर्णय पुढे न्यायालयाने दिला आणि कामगारांना नव्या कराराशिवाय कामावर परतावे लागले. दरम्यान टीमस्टर्स या प्रतिस्पर्धी संघटनेने बोईंगमध्ये शिरकाव करण्याचा प्रयत्न केला; परंतु १९४९ च्या मतदानात कामगारांनी आपली जुनी संघटनाच कायम ठेवली.

सेवाज्येष्ठतेचा आग्रह बाहेरून केवळ सोयीचा वाटू शकतो. विमाननिर्मितीच्या व्यवसायात मात्र त्याला वेगळे महत्त्व आहे. विमानांची मागणी चक्राकार वाढते व घटते, त्यामुळे कामगारकपात वारंवार होते. कपातीचा क्रम ठरलेला असला, तर अनुभवी हात कारखान्यात टिकून राहतात. तसेच, सदोष काम दाखवून देणाऱ्या कामगाराला रोष ओढवल्यामुळे सहजासहजी घरी बसवता येत नाही.

अभियंत्यांचा संप

९ फेब्रुवारी २००० रोजी एसपीईईएच्या अभियंत्यांनी व तंत्रज्ञांनी काम थांबवले. चाळीस दिवस चाललेला हा संप अमेरिकेतील पांढरपेशा कर्मचाऱ्यांच्या सर्वांत मोठ्या संपांपैकी एक मानला जातो. संपकऱ्यांपैकी काही जणांना नागरी विमान वाहतूक प्रशासनाच्या वतीने तयार विमानांना मंजुरी देण्याचा अधिकार होता. ते बाहेर पडताच विमानांचे हस्तांतरण मंदावले. ज्यांची गणना सहसा कामगारांत होत नाही, त्यांच्या सहीवाचून विमान हलत नाही, हे त्यातून दिसले.

दक्षिण कॅरोलिना व निवृत्तिवेतनाचा प्रश्न

२००८ मध्ये आयएएमने सुमारे आठ आठवडे संप केला. बाहेरच्या पुरवठादारांकडे सोपवले जाणारे काम हा त्यातील कळीचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी कंपनीने ७८७ विमानाच्या दुसऱ्या जुळणी मार्गासाठी दक्षिण कॅरोलिनातील नॉर्थ चार्ल्स्टनची निवड केली. या राज्यातील कायद्यानुसार संघटनेची वर्गणी सक्तीची करता येत नाही. हा निर्णय संपाचा सूड असल्याचा आरोप करणारी तक्रार राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २०११ मध्ये दाखल केली; कंपनी व संघटना यांच्यात नवा करार झाल्यावर ती मागे घेण्यात आली. २०१७ मध्ये नॉर्थ चार्ल्स्टनच्या कामगारांनी आयएएमचे प्रतिनिधित्व मोठ्या बहुमताने नाकारले.

काम अन्यत्र जाण्याची ही भीती २०१४ च्या मतदानात निर्णायक ठरली. ७७७एक्स विमानाची जुळणी वॉशिंग्टनमध्येच ठेवण्याच्या बदल्यात पारंपरिक निवृत्तिवेतन योजना गोठवण्याची अट कंपनीने घातली. ३ जानेवारी रोजी ५१ टक्के सदस्यांनी ती मान्य केली. हा करार २०२४ पर्यंत लागू होता, म्हणजेच दशकभर संपाचे हत्यार म्यान राहिले.

गुणवत्तेशी संबंध

७३७ मॅक्स जातीच्या दोन विमानांच्या अपघातांत (ऑक्टोबर २०१८ व मार्च २०१९) ३४६ जणांचा मृत्यू झाला. त्यांच्या मुळाशी उड्डाण नियंत्रण प्रणालीच्या रचनेतील दोष होता. त्याचा जुळणी कामगारांशी संबंध नव्हता. ५ जानेवारी २०२४ ची घटना वेगळी होती. अलास्का एअरलाइन्सच्या उडत्या विमानातून, दाराच्या जागी बसवलेला बंद भाग निखळून पडला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. रेंटन येथील कारखान्यात रिव्हेटच्या दुरुस्तीसाठी तो भाग काढला गेला होता. परत बसवताना त्याचे चार बोल्ट लावलेच गेले नाहीत व तो काढल्याची नोंदही झाली नव्हती. दारांचे काम करणाऱ्या गटात असा भाग पूर्वी उघडलेला एकच कर्मचारी होता आणि तो त्या वेळी रजेवर होता.

रेंटनचा कारखाना संघटित कामगारांचा आहे. त्यामुळे संघटना असली की चुका होत नाहीत, असा दावा टिकत नाही. संघटनेचे म्हणणे निराळे आहे: अनुभवी माणसे व तपासनीस कमी केले की अशा चुका पकडणारे कोणी उरत नाही. २०१९ मध्ये तपासनिसांची शेकडो पदे कमी करण्याच्या कंपनीच्या योजनेला संघटनेने याच कारणासाठी विरोध केला होता. २०२५ मध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या घटनेचा ठपका कंपनीवर ठेवला. पुरेसे प्रशिक्षण, मार्गदर्शन व देखरेख यांचा अभाव हे त्याने नोंदवलेले कारण होय.

२०२४ चा संप

करार संपण्याच्या सुमारास कंपनीने चार वर्षांत २५ टक्के वेतनवाढ देऊ केली. सुमारे ३३,००० कामगारांच्या या संघटनेने ती जवळजवळ ९५ टक्के मतांनी फेटाळली आणि १३ सप्टेंबरपासून संप सुरू झाला. ७३७, ७६७ व ७७७ विमानांची जुळणी थांबली. संघटना नसलेल्या दक्षिण कॅरोलिनात ७८७ चे काम मात्र सुरू राहिले. ३५ टक्क्यांचा प्रस्तावही नाकारला गेला. अखेर ३८ टक्के वाढ देणारा करार नोव्हेंबरच्या प्रारंभी ५९ टक्के मतांनी मंजूर झाला. कंपनीचे पुढचे नवे प्रवासी विमान सिअ‍ॅटल परिसरातच बांधण्याचे आश्वासन त्यात आहे. गोठवलेली निवृत्तिवेतन योजना पुन्हा सुरू करण्याची मागणी मात्र मान्य झाली नाही.