वाईट वर्षात तगणारा वाण

अहमदपूर तालुक्याचा खरीप म्हणजे आता मुख्यत्वे सोयाबीन. बालाघाटच्या पठारावर कुठे हलकी मुरमाड जमीन, कुठे भारी काळी. पण जूनचा पाऊस झाला की दोन्हीकडे एकच बियाणे पडते आणि दसरा-दिवाळीचा खर्च त्याच पिकावर भागतो. राज्यात सोयाबीनचे क्षेत्र ५० लाख हेक्टरच्या आसपास आहे, आणि लातूरचा बाजार व तिथल्या तेल गिरण्या याच मालावर चालतात. तरीही देशाचा सरासरी उतारा हेक्टरी १० क्विंटलच्या आसपासच राहतो. जगाची सरासरी २७ क्विंटलच्या आगेमागे आहे. अमेरिका आणि ब्राझील त्याच्याही बरेच पुढे आहेत. हे आकडे पाहून सहज म्हटले जाते की आपले वाण कमजोर आहेत, दुप्पट-तिप्पट उतारा देणारे वाण आणा म्हणजे प्रश्न सुटेल. वाण सुधारायला हवेत, यात वाद नाही. पण कोणत्या गुणासाठी सुधारायचे, हे ठरवताना आपण चुकीच्या मापाने मोजतो आहोत.

अमेरिकेतले सोयाबीन शेतात चार-साडेचार महिने उभे असते. आपले पीक ९५ ते १०० दिवसांत काढणीला येते. सोयाबीन हे लहान दिवसांचे पीक आहे. दिवसाची लांबी ठरावीक मर्यादेखाली आली की ते फुलोऱ्यात येते, आणि ही मर्यादा काही जनुके ठरवतात. अमेरिकी वाण इथे लावले, तर ते पुरते वाढण्याआधीच फुलतात. उलट इथल्यासाठी मुद्दाम जास्त दिवसांचा वाण घडवला, तर शेंगा भरायच्या वेळी पाऊस गेलेला असतो आणि मुरमाड रानात ओल उरत नाही. म्हणून इथे कमी दिवसांचा वाण ही निकड आहे. शिवाय परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा एमएयूएस ६१२ किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा केडीएस ७२६, म्हणजे फुले संगम, घेतला तर शिफारशीतला उतारा हेक्टरी २५ क्विंटल आणि त्याहून अधिक आहे. म्हणजे क्षमता बियाण्यात आहे; ती शेतात गळते. २०२३ चा ऑगस्ट देशाच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्याच हंगामात मराठवाडा-विदर्भात पिवळ्या मोझॅकने व मूळकुजीने उभी राने पिवळी पडली. २०२५ मध्ये उलट झाले. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीत पीक पाण्याखाली गेले. अशा वर्षी किती हाती उरते, हीच इथल्या वाणाची खरी कसोटी आहे.

ही कसोटी आजच ठरवली पाहिजे, कारण नवा वाण लवकर घडत नाही. सोयाबीनचे फूल अर्धा-पाऊण सेंटिमीटरचे असते आणि उमलण्याआधीच त्यात आपोआप परागीभवन झालेले असते. संकर करायचा तर आदल्या दिवशीची बंद कळी चिमट्याने उघडून आतले दहाही परागकोष काढावे लागतात आणि दुसऱ्या वाणाचे पराग वर्तिकाग्रावर लावावे लागतात. अशा बहुतेक कळ्या गळून जातात. जी टिकते तिच्या शेंगेत एक, दोन, फार तर तीन दाणे. पांढऱ्या फुलाची मादी आणि जांभळ्या फुलाचा नर घेतला, की पुढच्या पिढीचे फूल जांभळे आले तर संकर खरा, अशी साधी खूण पैदासकार वापरतात. त्यानंतर पाच-सहा पिढ्या निवड, मग विद्यापीठाच्या आणि १९६७ पासून चालू असलेल्या अखिल भारतीय समन्वित सोयाबीन प्रकल्पाच्या चाचण्या. एवढ्यात दहा-बारा वर्षे जातात.

वाईट वर्षातही हाती काही उरायचे, तर पहिले उद्दिष्ट रोगप्रतिकार हेच असावे. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस ३३५ हा वाण १९९४ मध्ये प्रसारित झाला आणि कोट्यवधी एकरांवर पसरला. बेताचे दिवस आणि कुठल्याही जमिनीत जमवून घेण्याचा गुण, यामुळे त्याने शेतकऱ्याचा विश्वास कमावला. पण तो पिवळ्या मोझॅकला आणि तांबेऱ्याला बळी पडतो, आणि मैलोगणती एकच वाण असला की रोगाला अडवणारे शिवारात काहीच उरत नाही. तांबेऱ्याने पश्चिम महाराष्ट्र पोळला तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रज केंद्राने प्रतिकार हेच लक्ष्य ठेवले, आणि त्यातून फुले अग्रणी व फुले संगम आले. मोझॅकसाठीही तसेच काम हवे, पण तो विषाणू सगळीकडे सारखा नाही. उत्तर भारतात आणि दक्षिणेकडे त्याच्या वेगवेगळ्या जाती आढळतात. तिकडे टिकलेला वाण इथे टिकेलच, असे धरता येत नाही. निवड इथल्याच रोगग्रस्त रानात व्हायला हवी. हा विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीवर फवारणी हा उपाय आहेच, असे कोणी म्हणेल. पण माशी दिसेपर्यंत विषाणू झाडात शिरलेला असतो, आणि फवारणीचा खर्च दरवर्षी नव्याने येतो. प्रतिकार मात्र बियाण्यातच येतो.

तेलाचा प्रश्न वेगळा आहे. देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, मग जास्त तेलाचे वाण का नकोत? दाण्यात साधारण १८ ते २० टक्के तेल आणि ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, आणि एक वाढले की दुसरे बहुधा घटते; विसाव्या गुणसूत्रावरचा एक भाग तर दोन्हींवर उलट परिणाम करतो. तरी जास्त तेलाकडे निवड करता येते. अडचण आडतीवर आहे. तिथे मालाची हवा, म्हणजे ओलावा, पाहतात, माती आणि डागी दाणे पाहतात. तेल कोणी मोजत नाही. ज्या गुणाचा भाव मिळत नाही, त्यासाठी माल एकरी पोतेभर जरी कमी येणार असला, तर शेतकऱ्याने तो वाण का स्वीकारावा? गिरण्यांनी आधी तेलाच्या टक्क्यावर दर द्यावा. मग पैदासकाराची मेहनत शेतात पोचेल.

जनुकांतरित बियाणे आले की हे सगळे सुटेल, हा आक्षेप नेहमी येतो. जगात जनुकांतरित सोयाबीन पसरले ते मुख्यतः तणनाशक सहन करण्यासाठी आणि अळीला रोखण्यासाठी. ब्राझीलमध्ये जवळपास सगळे पीक तसे आहे, तरी तांबेऱ्यासाठी तिथे हंगामात वारंवार बुरशीनाशक फवारावे लागते आणि दरवर्षी काही आठवडे शेतात सोयाबीन ठेवण्यावरच बंदी असते. त्या तंत्राचा विचार जरूर व्हावा. पण मोझॅक, मूळकूज आणि पावसाचा खंड यांवरचे काम त्याची वाट पाहत थांबू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: चांगले वाण आले तरी शेतकरी जुनेच पेरतो. पण त्याला दोष देण्याआधी २०२० आठवावे. त्या खरिपात राज्यभर बियाणे न उगवल्याच्या तक्रारी झाल्या आणि दुबार पेरणीची वेळ आली. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते. मळणीत मार बसला किंवा काढणीत भिजला, की उगवण घसरते. महागडी बॅग फसण्याची भीती असेल, तर माणूस घरचे बियाणेच पेरणार. म्हणून अहमदपूरच्या शेतकऱ्याला जवळच तयार झालेले, उगवण तपासलेले बियाणे मिळाले पाहिजे, आणि तेही दोन-तीन वाणांचे: हलक्या रानाला लवकर निघणारा, भारी रानाला थोडा उशिराचा. म्हणजे पावसाच्या एका खंडात किंवा एका रोगात सगळे शिवार एकदम जाणार नाही. वाण प्रसारित करताना चाचण्यांतल्या सरासरीइतकेच महत्त्व सर्वांत वाईट वर्षातल्या उताऱ्याला द्यावे आणि तो आकडा बॅगेवर छापावा. ज्याचे वर्षाचे गणित एका पिकावर आहे, त्याला पेरण्याआधी ते कळण्याचा हक्क आहे.