पारखलेली अध्यापनपद्धती जिल्हाभर कशी रुजते?

वसंत ऋतूत या व्याख्यानमालेचे मंडप उभे राहतात, त्याच सुमारास घरोघर शाळांच्या निकालांची चर्चा चाललेली असते. प्रगतिपत्रक हाती आले की मूल कितव्या इयत्तेत गेले हे आपल्याला समजते. परंतु ते मूल वाचनात कोठवर पोचले, हे त्या कागदावरून समजेलच असे नाही. ते समजून घेण्याचा मार्ग अगदी साधा आहे. पाचवीच्या मुलापुढे दुसरीच्या पुस्तकातली आठदहा ओळींची गोष्ट ठेवावी आणि 'वाच बघू, बाळ' असे म्हणावे.

ग्रामीण भारतात 'असर' या नावाने २००५ पासून होत आलेल्या पाहणीत नेमके हेच केले जाते. कार्यकर्ते घरी जातात, मुलाशेजारी बसतात आणि अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांनी त्याचे वाचन पाहतात. २०२४ च्या पाहणीत पाचवीतील दर शंभर मुलांपैकी सुमारे एकोणपन्नास मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. उरलेली एक्कावन्न मुलेही शाळेत जातात, फळ्यावरचे वहीत उतरवून घेतात आणि यथाकाल वरच्या वर्गात जातात. मात्र इतिहासाचा धडा असो वा गणिताचे उदाहरण असो, पुढचे प्रत्येक पान त्यांना परके होत जाते. मूल एक दिवस शाळा सोडते आणि आपण म्हणतो, 'त्याला शिक्षणाची गोडीच नव्हती.' गोडी लागण्यापूर्वीच त्याच्या हातून वाट सुटलेली होती, हे आपल्या ध्यानी येत नाही.

या दुखण्यावर पारखून घेतलेला उपाय आहे काय? आहे. मग तो प्रत्येक जिल्ह्यात का दिसत नाही? आमच्या मते खरा विचार या दुसऱ्या प्रश्नाचा व्हावयास हवा. आणि त्याचे उत्तरही गेल्या पंचवीस वर्षांच्या अनुभवातून बरेचसे हाती आले आहे.

उपायाचा उगम मुंबईतला, हे आम्हां मराठी माणसांस विशेष जवळचे वाटावे. १९९० नंतरच्या दशकात 'प्रथम' ही संस्था मुंबईच्या वस्त्यांतून व महापालिकेच्या शाळांतून काम करू लागली. तिने 'बालसखी' ही योजना काढली. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी निवडावयाची, तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण द्यावयाचे आणि तिसरी-चौथीत असून अक्षरओळख वा अंकओळख कच्ची राहिलेली पंधरा-वीस मुले शाळेच्या वेळातले दोन तास तिच्या हाती सोपवावयाची. तिने चौथीचे पुस्तक पुरे करावयाचे नव्हते. मूल जेथे अडले असेल तेथून पुढे न्यावयाचे होते.

ही योजना मुंबई व वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी पारखली. पारखण्याची रीत चिठ्ठ्या टाकण्यासारखी होती. काही शाळांत बालसखी तिसरीला मिळाली, तर काही शाळांत चौथीला. पुढच्या वर्षी उलट. त्यामुळे एकसारख्या मुलांचे दोन गट आपोआप समोर आले आणि फरक दिसला तो योजनेमुळेच, असे म्हणण्यास आधार मिळाला. संशोधक हा फरक ज्या मापाने सांगतात त्यास प्रमाण विचलन म्हणतात. त्या मापाने पहिल्या वर्षीची वाढ ०.१४ आणि दुसऱ्या वर्षीची ०.२८ भरली. व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर, शंभर मुलांच्या रांगेत शेवटून पन्नासाव्या जागी उभे असलेले मूल पहिल्या वाढीने सुमारे छप्पन्नाव्या व दुसऱ्या वाढीने सुमारे एकसष्टाव्या जागी जावे, इतका हा फरक आहे. शिवाय लाभ झाला तो बालसखीकडे गेलेल्या मुलांना. ती गेल्यामुळे वर्गात गर्दी कमी झाली, तरी मागे राहिलेल्या मुलांत मात्र तशी सुधारणा आढळली नाही. म्हणजे गुण केवळ लहान वर्गाचा नव्हता. मुलाच्या पातळीवरून शिकविण्याचा होता.

येथवरची कथा सुखाची आहे. खरी अडचण पुढेच आहे. योजना थांबल्यावर वर्षभराने पाहिले तेव्हा लाभ काहीसा टिकून होता, पण बराच ओसरलाही होता. एका वर्षापुरत्या उपचाराने भागत नाही. शाळेच्या नित्याच्या व्यवहारातच ही रीत मुरावयास हवी, हा त्याचा अर्थ.

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास ही पद्धती शाळेबाहेर, गावातील स्वयंसेवकांच्या हाती देऊन पाहिली. वर्गाला जी मुले आली ती वाचू लागली. पण येणारी मुले दर शंभरांत आठच्या आसपास होती. औषध गुणकारी होते, रोग्यापर्यंत मात्र पोचत नव्हते. सगळी मुले जेथे सापडतात ते ठिकाण शाळाच होय, तेव्हा शाळेत शिरण्यावाचून गत्यंतर नव्हते.

शाळेत शिरण्याचा मोठा प्रयत्न बिहारमध्ये २००८ पासून झाला, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तोच सर्वांत बोधप्रद आहे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभराचे वर्ग घेतले आणि मुलांचे वाचन सुधारले. पुढे नियमित वर्षात काही शाळांना नुसती पुस्तके व साहित्य देण्यात आले. काही शाळांत साहित्यासोबत शिक्षकांना प्रशिक्षणही देण्यात आले. शिक्षकांनी प्रशिक्षणाचे स्वागत केले. तरीही या दोन्ही प्रकारच्या शाळांत मुलांच्या वाचनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक दिसला तो स्वयंसेवकही जोडीला दिले होते तेथे.

हे असे का व्हावे? शिक्षक नालायक होते म्हणावे, तर उन्हाळ्यात याच सरकारी शिक्षकांनी ते काम करून दाखविले होते. पद्धती खोटी म्हणावी, तर तिची परीक्षा आधीच झाली होती. बदलली होती ती भोवतालची व्यवस्था. उन्हाळ्यात शिक्षकापुढे एकच काम होते: मुलाला वाचावयास शिकविणे. सुटी संपून शाळा भरू लागली की त्याच्यापुढे पाठ्यपुस्तक येते, वेळापत्रक येते आणि 'किती धडे झाले?' असे विचारणारा अधिकारी येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची दोन कर्तव्ये शेजारी-शेजारी सांगितली आहेत. ठरल्या वेळात संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करावा, हे एक. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता अजमावून आवश्यक तेथे जादा शिकवावे, हे दुसरे. कायद्याने दोहोंस सारखाच मान दिला; व्यवहारात मात्र पहिल्याची तपासणी होते आणि दुसऱ्याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. ज्याचा हिशेब मागितला जातो तेच काम माणूस करतो, हे आपण दुकानात पाहतो, कचेरीत पाहतो. शाळा त्याला अपवाद कशी असेल?

हा धडा घेऊन हरियाणात २०१२-१३ साली कुरुक्षेत्र व महेंद्रगड या दोन जिल्ह्यांतील सुमारे चारशे शाळांत पुन्हा प्रयोग झाला. या वेळी तीन गोष्टी निराळ्या केल्या. दिवसातला एक तास याच कामासाठी राखून ठेवला. त्या तासाला पाठ्यपुस्तक मिटलेले राहावयाचे. त्या तासापुरती तिसरी, चौथी व पाचवी ही वर्गवारी मोडून मुलांना वाचनाच्या पायरीप्रमाणे बसविले. आणि शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनाच ही पद्धती प्रथम शिकविली. त्यांनी स्वतः मुलांपुढे उभे राहून वर्ग घेतले आणि मग ते इतरांना मार्गदर्शन करू लागले. चिठ्ठीत निवडल्या गेलेल्या शाळांत भाषेची वाढ ०.१५ भरली. आकडा लहान आहे. परंतु तो नेहमीच्या सरकारी शिक्षकांनी नेहमीच्या शाळेत मिळविलेला आहे, हे विसरता कामा नये. याच सुमारास त्याच राज्यात मूल्यमापनाचे नवे तक्ते भरण्याची जी योजना पारखली गेली, तिचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम आढळला नाही. तक्ता भरला, पण तासाला काय चालावयाचे ते बदलले नाही.

२०१३-१४ साली उत्तर प्रदेशातील सीतापूर व उन्नाव जिल्ह्यांत दहा वा वीस दिवसांची वाचनशिबिरे शाळेच्या वेळातच घेतली. ती संस्थेच्या कार्यकर्त्यांनी चालविली. तेथील वाढ ०.६ ते ०.७ इतकी, म्हणजे मघाच्या रांगेत पन्नासाव्या जागेवरून त्र्याहत्तर ते शहात्तराव्या जागेपर्यंत पोचविणारी होती. एकूण शिबिरे पन्नास दिवसांच्या आसपास चालली. एवढ्यात इतके साधते, हे कळल्यावर 'ही मुले शिकणारीच नव्हेत' असे म्हणण्याचा अधिकार कोणास उरत नाही.

येथे एक शंका रास्त आहे. मुलांचे असे गट पाडले तर मागच्या गटातल्या मुलावर 'ढ' असा शिक्का बसणार नाही काय? गट कायमचे केले तर अवश्य बसेल. म्हणूनच हे गट दिवसातल्या थोड्या वेळापुरते असतात, आणि अक्षरे वाचू लागलेले मूल लगेच शब्दांच्या गटात जाते. मूल पायरीवर उभे असते, ते चढून जाण्यासाठी. पायरी म्हणजे त्याची जात नव्हे. दुसरी मर्यादाही कबूल केली पाहिजे. वाचता येणे म्हणजे संपूर्ण शिक्षण नव्हे. पण ते नसेल तर बाकीचे शिक्षण उभे राहण्यास जागाच राहत नाही.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख अशी माणसांची साखळी आपल्याजवळ तयार आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटातल्या शाळा पाहावयास २०१० नंतरच्या दशकात राज्यभरातून शिक्षक गेले. शिक्षकाला परिपत्रकापेक्षा दुसऱ्या शिक्षकाचा चालता वर्ग अधिक पटतो, याची ती साक्ष होय. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला, आणि २०२१ साली केंद्र सरकारने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे उद्दिष्ट जाहीर केले. उद्दिष्टांची वाण नाही. वरच्या अनुभवावरून आम्हांस वाटते ते इतकेच, की साखळीतला केंद्रप्रमुख शाळेत गेल्यावर काय करतो यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. तो माहितीचे कागद गोळा करून परतला, तर नवी पद्धती प्रशिक्षणाच्या पिशवीतच राहील. तो खडू हाती घेऊन पंधरा मुलांचा वर्ग घेऊ शकला, तर ती दहा शाळांत जाईल.

यात नागरिकांचे काय काम, असे कोणी विचारील. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. या समितीत आपल्यापैकी किंवा आपल्या नात्यागोत्यातले कोणी ना कोणी असतेच. तेथे आपण भिंतीच्या रंगाविषयी बोलतो, पाण्याच्या टाकीविषयी बोलतो, तेही हवे. पण त्याबरोबर तीन प्रश्न विचारावेत. आमच्या शाळेत प्रत्येक मुलाचे वाचन कोणी, केव्हा ऐकले? जी मुले अडली त्यांच्यासाठी दिवसातला कोणता तास राखला आहे? आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी शेवटचा वर्ग स्वतः कधी घेतला?

ज्याचा हिशेब मागितला जातो ते काम होते, असे आम्ही वर म्हटले. आजवर आपण धड्यांचा हिशेब मागत आलो. यापुढे मुलांचा मागू या. आणि सुरुवात आज घरी गेल्यावर, आपल्याच नातवंडापुढे एक लहानशी गोष्ट ठेवून करता येईल.