फाइल नेमकी कुणाच्या ताब्यात?

सीए मंडळींच्या ऑफिसांतले सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. मार्च आला की एक तक्रार हमखास येते: ‘पगाराच्या सॉफ्टवेअरचा इंडेक्स पुन्हा उडाला.’ बहुतेकांना व्हायरसचा संशय. मी आधी ऑपलॉक बघतो.

फाइल कुणी एकट्यानेच उघडली असेल, तर सर्व्हर त्या कॉम्प्युटरला मुभा देतो: वाचन-लेखन स्वतःच्या मेमरीत कर, मला सवडीने कळव. हाच ऑपलॉक. काम झपाट्याने होतं. दुसऱ्याने तीच फाइल उघडली की सर्व्हर पहिल्याला बजावतो, साठवलेलं आधी इकडे जमा कर. वर्डच्या पत्राला हे झकास. पण पगाराच्या सॉफ्टवेअरमागच्या फॉक्सप्रो डेटाबेसच्या डीबीएफ फाइलवर चार-पाचजण एकदम बसलेले असतात. त्यात एखादी केबल ढिली निघाली, निरोप वेळेत पोचला नाही, की इंडेक्सची बोंब.

अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या सांबा या फाइल-सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये यावर नेमका इलाज आहे. सेटिंगमधल्या ‘व्हेटो ऑपलॉक फाइल्स’ या ओळीत डीबीएफ आणि सीडीएक्स (इंडेक्सची फाइल) लिहायचं. तेवढ्याच फाइलींची मुभा बंद. शेअर केलेल्या सगळ्या फोल्डरचे ऑपलॉक सरसकट बंद करणारे महाभागही भेटतात. मग साध्या एक्सेललाही ताटकळावं लागतं. एकच नोंद दोघांनी एकदम बदलू नये म्हणून असलेलं रेकॉर्डचं लॉकिंग मात्र वेगळं. ते बंद करायच्या फंदात पडूच नका.