बालकाच्या लघवीचा वास

दीड-दोन वर्षांच्या बालकाच्या लघवीस उग्र वास येऊ लागला की घरातील वडीलधारी मंडळी ‘उष्णता झाली’ म्हणून धणे-जिऱ्याचे पाणी पाजतात. पुष्कळदा त्यांचे चुकत नाही. पोटात पाणी कमी गेले की लघवी गडद होते व वास वाढतो. पुरेसे पाणी मिळताच तो ओसरतो. रात्रभर ओल्या राहिलेल्या दुपट्याचा झोंबणारा वासही आजाराचा नव्हे; जंतू लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करतात, त्याचा तो वास होय.

परंतु याच भरवशावर तापाकडे कानाडोळा करणे घातक ठरते. ताप, लघवी करताना रडणे, थेंब थेंब लघवी होणे, उलट्या ही लक्षणे असल्यास मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग संभवतो. उपचारास विलंब झाल्यास मूत्रपिंडास कायमची इजा पोहोचू शकते. सर्दी-खोकला नसताना ताप येत असेल, तर लघवीस वास नसला तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात ती तपासून घ्यावी. मुलींच्या बाबतीत तर विशेषच.

गोडसर वास, न शमणारी तहान व घटणारे वजन ही एकत्र दिसली, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. मधुमेह हा केवळ म्हाताऱ्यांचा रोग, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते.