अलंकार, घट आणि गलाई

सुवर्ण संग्रही असणे आणि त्या सुवर्णापासून प्राप्ती होणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी होत. आणि कन्येच्या विवाहाप्रीत्यर्थ पाटल्या, गोठ, चपलाहार करविणारा गृहस्थ आपण द्रव्य गुंतविले अशा समाधानात वावरत असला, तरी त्या व्यवहारातील खरी किफायत सराफ, कारागीर, झारेकरी आणि गलाईवाला यांच्या पदरी पडत असते. बावीस कॅरटच्या डागात हजारी ९१६ भाग सोने असते. अशा शंभर रुपयांच्या सोन्यावर शेकडा दहा मजुरी पडली आणि मोडीच्या वेळी टाक्यापोटी शेकडा दोन घट कापली गेली, असे धरले, तर ११० रुपये देऊन ९८ हाती येतात. म्हणजे भाव शेकडा बाराहून अधिक चढेपर्यंत तो डाग तोट्यातच, आणि कर निराळाच.

उलटपक्षी कारखान्यात कणही वाया जात नाही. सराफ कारागिरास सोने तोलून देतो आणि ठरलेली घट वजा करून तोलूनच परत घेतो. म्हणून कानशीतून गळलेला कीस, बैठकीखालचा केर आणि मुशीची राख हा सारा ऐवज जपून ठेवून, तो धुऊन त्यातील सोने काढणाऱ्या झारेकऱ्यास विकला जातो.

या व्यवसायाच्या अखेरच्या टोकाला उभा असलेला गलाईवाला बहुधा सांगली जिल्ह्यातील विटे-खानापूर-आटपाडीचा असतो. अवर्षणाने गांजलेल्या या मुलखातील कुटुंबे केरळापासून बंगालपर्यंतच्या सराफकट्ट्यांवर जाऊन बसली आणि जुने सोने शुद्ध करण्याच्या कामात निष्णात झाली, हे आमच्या आर्थिक इतिहासातले एक उपेक्षित प्रकरण आहे. त्यांची जुनी रीत मोठी विलक्षण: सोने शुद्ध करावयाचे तर ते आधी हिणकस करावे लागते. एका भागास सुमारे तीन भाग चांदी मिसळून रस केला, त्याचे पातळ तुकडे पाडून नायट्रिक तेजाबात उकळले, की चांदी व तांबे विरघळून तपकिरी सुवर्णचूर्ण तळाशी राहते; तेजाबातील चांदीही तांब्याचे पत्रे सोडून परत मिळविली जाते. त्या तेजाबाचा तांबूस धूर छातीला किती अपायकारक, याचा हिशेब मात्र कोणत्याही वहीत मांडला जात नाही.

सरकारनेही या घरगुती सोन्यावर डोळा ठेवून पाहिला. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असता चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. लोकांचा सोस ओसरला नाही, सहस्रावधी सुवर्णकार मात्र देशोधडीस लागले. ती मर्यादा १९६६ मध्ये उठली; १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला. पुढे सोने ठेवीदाखल घेणाऱ्या २०१५ च्या सरकारी योजनेत दीर्घ मुदतीच्या ठेवीवर अडीच टक्के व्याज देऊ केले गेले, पण त्यासाठी डाग वितळवावा लागे. सासूच्या पाटल्या कोण वितळविणार? मध्यम व दीर्घ मुदतीच्या ठेवी मार्च २०२५ मध्ये बंद झाल्या.

ज्यास सोन्यापासून लाभच हवा, त्याने टाक्यांचे, खड्यांचे व लाखेने भरलेले जिन्नस टाळून भरीव वळी वा वेढणीच घ्यावीत; आणि मोडीस जाताना खडे व लाख समक्ष काढवून, समक्ष आटवून, मगच वजनास व भावास रुकार द्यावा.