कॅनव्हास (चित्रकला)

चित्रणासाठी लाकडी चौकटीवर ताणून बसविलेले आणि खळ व अस्तर देऊन तयार केलेले कापड. ‘कॅनव्हास’ ही संज्ञा ‘कॅनाबिस’ ह्या भांगेच्या लॅटिन नावावरून आली असून, मूळ कॅनव्हास भांगेच्या वर्गातील वनस्पतीच्या तंतूंचे जाडेभरडे कापड होते. पुढे चित्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही कापडास ही संज्ञा रूढ झाली. कापड, खळ, अस्तर, रंग व रोगण हे कॅनव्हासवरील चित्राचे एकावर एक असलेले थर होत. हवेतील आर्द्रतेनुसार हे थर कमीअधिक प्रमाणात प्रसरण व आकुंचन पावतात. त्यांच्यातील परस्परताण कमी राखणे व रंगातील तेल कापडापर्यंत पोहोचू न देणे, ही कॅनव्हासच्या तयारीची दोन मुख्य सूत्रे होत. तयारीतील उणीव चित्र रंगविताना सहसा ध्यानात येत नाही. पुष्कळदा काही दशकांनंतर भेगा व पोपडे ह्यांच्या रूपाने ती प्रकट होते आणि तेव्हा ती पूर्णपणे दूर करता येत नाही.

इतिहास : पंधराव्या शतकापर्यंत यूरोपात सुट्या चित्रांसाठी मुख्यत्वे लाकडी फळ्या वापरीत. मोठ्या फळ्या जड असत, वाकत व तडकतही. व्हेनिसच्या दमट, खाऱ्या हवेत भित्तिचित्रे टिकत नसत. उलट जहाजांच्या शिडांसाठी लागणारे मजबूत कापड तेथे मुबलक मिळे. त्यामुळे सोळाव्या शतकात तेथील चित्रकारांनी कॅनव्हासचा विपुल वापर केला. व्हेरोनेझेचे वेडिंग ॲट केना (१५६३) हे चित्र सु. ६·७७ मी. उंच व ९·९४ मी. रुंद आहे. १७९७ मध्ये फ्रेंच सैन्याने ते व्हेनिसमधून काढून पॅरिसला नेले. एवढे मोठे चित्र हलविता येणे, हे कापडी पृष्ठामुळेच शक्य झाले.

भारतात कापडावर चित्रे काढण्याची परंपरा जुनी आहे. ओडिशातील पटचित्रांसाठी सुती कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवून त्यांवर खडूचा लेप देतात व वाळल्यावर तो दगडाने घोटतात. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या मानसोल्लास ह्या बाराव्या शतकातील ग्रंथात म्हशीच्या कातड्यापासून केलेल्या ‘वज्रलेप’ ह्या सरसाचे वर्णन आहे. मात्र तो भिंतीवरील चित्रणाच्या संदर्भात आला आहे. कॅनव्हासवरील तैलरंगचित्रण भारतात यूरोपीय चित्रकारांबरोबर आले आणि मुंबईतील सर जे. जे. कलाशाळेसारख्या (स्थापना १८५७) संस्थांतून रुजले. ह्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी विद्यार्थ्यांच्या साह्याने १८७२ ते १८८५ ह्या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती कॅनव्हासवर तैलरंगांत केल्या. त्या लंडनला पाठविण्यात आल्या; तथापि १८८५ मधील आगीत त्यांतील पुष्कळशा नष्ट झाल्या.

कापडाची निवड : जवसाच्या तंतूंपासून विणलेले लिनन हे सर्वोत्कृष्ट मानले जाते. त्याचे तंतू लांब व बळकट असून ताण दिल्यावर ते कमी सैलावतात. सुती कॅनव्हास स्वस्त व सर्वत्र उपलब्ध असतो. परंतु त्याचे तंतू आखूड व अधिक लवचिक असल्याने मोठ्या चित्रांत तो सैल पडण्याचा संभव असतो. लहान व मध्यम चित्रांसाठी मात्र घट्ट विणीचा, दर चौ. मी.स सु. ३४० ते ४०० ग्रॅ. वजनाचा सुती कॅनव्हास समाधानकारक ठरतो. तागाचे कापड लवकर आम्लयुक्त व ठिसूळ होते. म्हणून टिकाऊ कामास ते वर्ज्य समजावे. अलीकडे पॉलिएस्टरचे कापडही वापरतात. आर्द्रतेचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

कापड उजेडासमोर धरून पाहिल्यास विणीतील विरळपणा व गाठी कळून येतात. ताण्याचे व बाण्याचे धागे जाडीने व संख्येने जितके सारखे, तितका ताण समान राहतो. बारकाव्यांच्या व्यक्तिचित्रासाठी तलम वीण, तर जाड रंगलेपनासाठी भरड वीण उपयुक्त असते.

चौकट : चौकटीचे लाकूड चांगले मुरलेले व सरळ असावे. तिच्या पट्ट्यांची आतील कड उतरती ठेवतात. अन्यथा कापड कडेला टेकून चित्रावर तिची रेघ उमटते. कोपऱ्यांचे सांधे पक्के न करता त्यांत लाकडी पाचरी बसविल्यास कापड सैल पडल्यावर ताण पुन्हा वाढविता येतो. कापडाचे धागे पट्ट्यांना समांतर ठेवून प्रथम चारही बाजूंच्या मध्यावर आणि नंतर समोरासमोरच्या बाजूंनी कोपऱ्यांकडे सु. ५ सेंमी. अंतरावर चुका ठोकतात. चुका न गंजणाऱ्या असाव्यात, कारण गंजामुळे कापड कुजते.

खळ : जवसाचे तेल वाळताना हवेतील ऑक्सिजन शोषून घेते. ह्या क्रियेत निर्माण होणाऱ्या आम्लांमुळे तेल मुरलेले तंतू काळे व ठिसूळ होतात. ते टाळण्यासाठी प्रथम खळ देतात. परंपरागत पद्धतीत सशाच्या कातड्याचा सु. ६० ते ७० ग्रॅ. सरस एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून, मंदपणे विरघळवितात. तो उकळू देत नाहीत. उकळल्याने त्याची चिकटण्याची शक्ती घटते. थंड होऊन थलथलीत झाल्यावर त्याचा पातळ हात देतात. सरस कोरड्या हवेत जोराने आकुंचन पावतो व दमट हवेत ढिला पडतो. म्हणून जाड थर घातक ठरतो. ह्या दोषामुळे आता पुष्कळ चित्रकार ॲक्रिलिक माध्यमाची किंवा आम्लरहित पॉलिव्हिनिल ॲसिटेटाची खळ पसंत करतात.

अस्तर : रंगाला पकड व उजळ पार्श्वभूमी देणे हे अस्तराचे कार्य होय. सरस व खडू ह्यांचे अस्तर फळीवर उत्तम टिकते. कॅनव्हासवर मात्र ते तडकते. शिशाचा सफेता व जवसाचे तेल ह्यांचे अस्तर लवचिक व दीर्घायुषी असते. परंतु ते वाळण्यास कित्येक आठवडे लागतात आणि सफेता विषारी असल्याने त्याची पूड श्वासावाटे जाऊ देऊ नये. जस्ताचा सफेता तेलात कालांतराने ठिसूळ होऊन वरील थर सुटू लागतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रचारात आलेले ॲक्रिलिक अस्तर लवकर वाळते. त्याचे दोन ते तीन पातळ हात एकमेकांना काटकोनात देतात आणि प्रत्येक हात वाळल्यावर पृष्ठ काचकागदाने हलके घासतात. ॲक्रिलिक अस्तरावर तैलरंग देता येतात; तैल अस्तरावर ॲक्रिलिक रंग मात्र नीट चिकटत नाहीत.

निगा : कोकणपट्टीत पावसाळ्यातील आर्द्रतेमुळे सरसावर बुरशी धरते व कापड ढिले पडते, तर विदर्भातील उन्हाळ्यात थर आकसतात. पावसाळ्यात ढिला पडलेला कॅनव्हास पाहून लगेच पाचरी ठोकू नयेत. हवा कोरडी झाल्यावर वाढलेल्या ताणाने रंग तडकण्याचा धोका असतो. चित्र ओलसर भिंतीला चिकटवून टांगू नये. त्याच्या मागील बाजूस पुठ्ठ्याचे किंवा पातळ फळीचे आवरण लावल्यास धूळ, धक्के व आर्द्रतेतील आकस्मिक बदल ह्यांपासून कापडाचे बरेच रक्षण होते.